मॉरिशसने मळेवाल्यांना का जगू दिलं?

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला, तेव्हा तिथल्या सुमारे ४४ टक्के मतदारांना स्वातंत्र्य नको होतं. हा अंदाज नव्हे, निवडणुकीचा निकाल आहे. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधली निवडणूक जवळजवळ याच एका प्रश्नावर लढली गेली. डॉ. शिवसागर रामगुलाम यांच्या आघाडीला ३९ जागा मिळाल्या आणि गाएताँ दुव्हाल यांच्या स्वातंत्र्यविरोधी पक्षाला २३. इंग्रज गेले की बहुसंख्य हिंदू आपल्या डोक्यावर बसतील, ही भीती क्रिओलांना (आफ्रिकी गुलामांच्या वंशजांना) होती, फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांना होती, चिनी दुकानदारांनाही होती. झेंडा चढायच्या दोनच महिने आधी राजधानी पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांत दंगल पेटली. ती शमवायला ब्रिटिश पलटण आणावी लागली.

देश केवढा, तर सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव हिश्श्याएवढा. खनिज नाही, तेल नाही, मोठी बाजारपेठ हजारो किलोमीटर दूर. वादळं मात्र ठरलेली. माणशी उत्पन्न वर्षाला दोन-अडीचशे डॉलर आणि निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या साखरेचा.

आज त्याच बेटावर माणशी उत्पन्न ११ हजार डॉलरच्या पुढे आहे. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला ‘उच्च उत्पन्न’ गटात टाकलं. कोविडने पर्यटन ठप्प झालं आणि वर्षभरात तो मान गेलाही, पण तो मिळाला होता हेच आफ्रिकेच्या नकाशावर नवल होतं. १९७३ ते १९९९ या काळात अर्थव्यवस्था सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास वाढत राहिली. या वाढीला कुठली खाण लागली नव्हती.

एखादा देश का पुढे जातो, याची उत्तरं साधारण ठरलेली असतात: भूगोल, कायद्याचं राज्य, खुला व्यापार, शिक्षण, नशीब. मॉरिशसला यातलं प्रत्येक उत्तर थोडं लागू पडतं आणि थोडं फसतं. भूगोल प्रतिकूल होता, व्यापार म्हणावा तसा खुला नव्हता, नशिबाने हात दिला पण तसाच तो इतरांनाही दिला होता. मला या प्रकरणात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ज्यांच्या हाती मतं आली त्यांनी ज्यांच्या हाती पैसा होता त्यांना लुटलं नाही, आणि फुकटही सोडलं नाही. हे कसं जमलं आणि त्यातून कोण सुटून गेलं, ते पाहायचं.

बेटावर माणसं कशी आली

इथे मूळचा रहिवासी कुणीच नाही. डच १५९८ मध्ये उतरले, नंतर वस्ती केली, डोडो पक्षी संपवला आणि १७१० मध्ये निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, त्यांची भाषा आणि त्यांचे कायदे तसेच ठेवले. या देशाचं पुढचं सगळं राजकारण या तडजोडीवर उभं आहे.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली. भरपाई मिळाली ती मालकांना, सुमारे २० लाख पौंड. ज्यांची खरी हानी झाली होती त्या गुलामांना ना पैसा मिळाला ना जमीन. ते मळे सोडून किनाऱ्याकडे, मासेमारीकडे, बंदराकडे गेले. त्यांची जागा घ्यायला २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले होते. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत हिंदुस्थानातून साडेचार-पाच लाख माणसं गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर, गेली. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातली, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरीकडची नि घाटावरची मराठी माणसं. मराठी समाज तिथे संख्येने लहान आहे, पण वेगळा मोजला जातो. गणेशचतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते. ज्या धक्क्यावर हे सगळे उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे.

पुढे एक गोष्ट घडली, जिच्याकडे अर्थशास्त्राच्या चर्चेत फारसं लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरेचे भाव पडले. बीटची साखर युरोपात स्वस्तात बनू लागली होती. मळेवाल्यांनी कडेच्या, कमी पिकाच्या जमिनींचे तुकडे पाडून हप्त्यांवर विकायला काढले. घेणारे कोण, तर गिरमिट संपलेले हिंदुस्थानी मजूर. दागिने मोडून, भावाभावांनी पैसे एकत्र करून, सावकाराचं कर्ज काढून त्यांनी दोन-दोन एकर घेतले. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत उसाखालच्या जमिनीचा मोठा हिस्सा अशा छोट्या शेतकऱ्यांकडे आला. गाळपाचे कारखाने मात्र गोऱ्यांचेच राहिले.

परिणाम असा, की शेतकऱ्याचा ऊस कारखान्यावाचून गाळला जात नव्हता आणि कारखाना शेतकऱ्याच्या उसावाचून पूर्ण क्षमतेने चालत नव्हता. ऊसदरावरून दोघांची भांडणं होत, आजही होतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नातं समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की आपल्याकडे शेतकऱ्यांनी सहकारी कारखाने काढले, तिथे कारखाना परक्या समाजाचा राहिला. पण कारखाना मोडला तर आपल्याच मतदाराचा ऊस वाळणार, हे रामगुलाम यांच्या मजूर पक्षाला पक्कं ठाऊक होतं. आप्रवाशांच्या मुलांनी मळेवाल्यांचा द्वेष केला नाही असं नाही. पण सूड परवडणारा नव्हता.

मीड साहेबांचं भाकीत

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी फवारून मलेरिया हटवला गेला आणि मृत्युदर झपाट्याने घसरला. १९५२ च्या जनगणनेत पाच लाख असलेली लोकसंख्या १९६२ मध्ये ६ लाख ८० हजारांवर गेली. १९६० च्या फेब्रुवारीत ‘कॅरॉल’ चक्रीवादळाने बेट झोडपून काढलं. त्या वर्षीची साखर निम्म्याहूनही कमी झाली. याच सुमारास इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांना पाहणीसाठी बोलावण्यात आलं. मीड साधे गृहस्थ नव्हते, पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा १९६१ चा निष्कर्ष होता, की शांततापूर्ण विकासाची शक्यता इथे फारच कमी आहे. माणसं वाढतायत, जमीन वाढत नाही, काम साखरेपुरतंच, आणि वाटणीवरून समाज एकमेकांच्या अंगावर जातील.

मॉरिशसवर लिहिणारा प्रत्येकजण मीड यांची इथे थट्टा करतो. मला ती अन्यायाची वाटते. त्यांचं भाकीत चुकलं, पण सल्ला बराचसा पाळला गेला. मजुरी एकदम वाढवू नका म्हणजे जास्त हातांना काम मिळेल, कुटुंबनियोजन करा, कारखानदारीला सवलती देऊन साखरेबाहेर पडा, असं ते सांगत होते. कुटुंबनियोजनाचं प्रकरण तर विशेष आहे. १९५७ मध्ये कुटुंबनियोजन संघटना निघाली, तेव्हा कॅथलिक चर्चने विरोध केला. मग १९६३ मध्ये चर्चच्या पुढाकाराने नैसर्गिक पद्धती शिकवणारी ‘अ‍ॅक्सिओं फामिलियाल’ ही संस्था उभी राहिली. सरकारने वाद घातला नाही, दोघांनाही पैसा दिला. ज्याला जी पद्धत पटेल ती त्याने घ्यावी. जननदर एका पिढीत निम्म्याच्या आसपास आला, आणि सक्ती कुठेच झाली नाही. त्याच दशकांत आपल्याकडे १९७५-७६ ची नसबंदी मोहीम झाली, हे सहज आठवतं.

मीड यांचा एक इशारा मात्र मॉरिशसने सरळ धुडकावला: समाजकल्याणावर हात आखडा. वृद्धांना निवृत्तिवेतन १९५० पासून होतं, १९५८ मध्ये ते उत्पन्न न पाहता सगळ्यांना सुरू झालं. तांदूळ आणि पीठ सवलतीत मिळत राहिलं. सरकारी दवाखाने मोफत. मे १९७५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पुढच्या वर्षी निवडणूक होती, आणि जानेवारी १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. खर्च झेपणारा नव्हता हे खरं. पण हा पैसा जात पाहून वाटला गेला नाही, त्यामुळे क्रिओल आजीला आणि मराठी आजोबांना सारखीच रक्कम मिळाली. फौज त्यांनी ठेवलीच नाही. पोलिसांचं एक निमलष्करी दल तेवढं आहे, बाकी सगळी बचत.

सौदा

१९६९ मध्ये रामगुलाम यांनी दुव्हाल यांनाच सरकारात घेतलं. ज्या माणसाने स्वातंत्र्याविरुद्ध प्रचार केला, तो स्वतंत्र देशाचा परराष्ट्रमंत्री झाला आणि युरोपात गुंतवणूकदार गोळा करत फिरू लागला. याला सत्तेची हाव म्हणा, शहाणपण म्हणा. दोन्ही असावं. घटनेतही अशी सोय होती, की संसदेच्या ६२ निवडून आलेल्या जागांव्यतिरिक्त आठपर्यंत जागा, ज्या समाजाला प्रतिनिधित्व कमी पडलं त्यातल्या पराभूतांपैकी सर्वाधिक मतं मिळवणाऱ्यांना द्यायच्या. या पद्धतीने जातवार ओळख कायम केली, अशी टीका तिथे सतत होते, आणि ती रास्त आहे. पण १९६८ सालच्या देशात कुणालाही सभागृहाबाहेर ठेवणं महाग पडलं असतं.

या काळाला लोकशाहीचा आदर्श म्हणू नये. १९७१ मध्ये पॉल बेराँजे यांच्या डाव्या एमएमएम पक्षाच्या पुढाकाराने गोदी कामगारांचा संप झाला, तेव्हा आणीबाणी लागली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला आणि १९७२ ची निवडणूक थेट १९७६ वर गेली.

आता साखर. मळेवाल्यांना नुकसानभरपाई देऊन किंवा न देता हटवा, असा दबाव डावीकडून होताच. सरकारने राष्ट्रीयीकरण केलं नाही. साखरेच्या निर्यातीवर कर बसवला. तो चढत्या दराचा होता, त्यामुळे छोट्या शेतकऱ्याला फारसा लागत नसे आणि मोठ्या मळ्यांना चांगलाच चावत असे. सरकारचं तिजोरीतलं मोठं उत्पन्न बराच काळ यातूनच आलं. मळेवाले कुरकुरत, पण जमीन, कारखाना आणि विक्रीची यंत्रणा त्यांच्याकडेच राहणार याची खात्री झाल्यावर त्यांनी पैसा पॅरिसला न नेता बेटावरच ठेवला. हॉटेलांत घातला, मग कापडात घातला.

हा कर भरण्याइतका नफा होता तो युरोपमुळे. १९७५ मध्ये युरोप आणि त्याच्या जुन्या वसाहतींमधल्या लोमे करारासोबत साखरेचा करार झाला. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या या जुन्या वसाहतींची मिळून सुमारे १३ लाख टन साखर युरोप ठरलेल्या भावाने घेणार होता. वाटाघाटी चालू असताना जागतिक भाव आकाशाला भिडले होते. इतर देश हात आखडून होते. बाजारात जास्त मिळतंय तर बांधून का घ्यायचं? मॉरिशसने उलट केलं. पाच लाख टनांहून थोडा जास्त कोटा, म्हणजे एकूणपैकी ३८ टक्क्यांच्या आसपास, पदरात पाडून घेतला. भाव लवकरच कोसळले आणि पुढची तीस-एक वर्षं मॉरिशसला बहुतेक वेळा जगाच्या भावापेक्षा पुष्कळ जास्त, काही वर्षी दुप्पट-तिप्पट भाव मिळाला. अरविंद सुब्रमण्यम (पुढे भारत सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार) आणि देवेश रॉय यांनी २००१ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा या वरकड पैशाचा आकार राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास दरवर्षी निघाला. इतकी मदत फार थोड्या देशांना मिळाली असेल. बेट आपल्या कष्टाने वर आलं असं म्हणताना हा आकडा लक्षात ठेवावा.

कुंपण नसलेलं क्षेत्र

१९७० चा निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा हा मॉरिशसचा सगळ्यात गाजलेला निर्णय. त्यामागे चिनी वंशाचे प्राध्यापक एदुआर लिम फाट यांचा पुढाकार मानला जातो. कल्पना नवी नव्हती. भारतात कांडल्याला १९६५ मध्येच असं क्षेत्र झालं होतं, अंधेरीचं सीप्झ १९७३ मध्ये आलं. पण आपली क्षेत्रं म्हणजे भिंतीआडचा, फाटकावर कस्टमवाला बसलेला वेगळा मुलूख. मॉरिशसने पूर्ण बेटच क्षेत्र म्हणून जाहीर केलं. कुठल्याही गावात शेड टाका, माल बाहेर पाठवत असाल तर कच्चा माल आणि यंत्रं बिनशुल्क, बरीच वर्षं करमाफी. त्यामुळे कारखाने मजुराच्या दाराशी गेले. उसाच्या गावातली जी बाई कधी राजधानीत कामाला गेली नसती, ती गावातल्या शेडमध्ये शिलाईयंत्रावर बसली.

आणि इथेच मॉरिशसला ‘खुल्या बाजाराचा चमत्कार’ म्हणणाऱ्यांची पंचाईत होते. निर्यातीच्या दारी शुल्क शून्य, पण देशांतर्गत बाजार उंच आयातशुल्काच्या आड बंद. तिथे आधीपासून साबण, बिस्किटं, फर्निचर बनवणाऱ्यांना कुणी हात लावला नाही. त्यांचे कामगार कायदे वेगळे, नव्या क्षेत्राचे वेगळे. नव्या क्षेत्रात कामावरून काढणं सोपं, जादा तास सक्तीचे आणि बायकांचा किमान वेतनदर पुरुषांपेक्षा कमी. कुणाच्याही पुढचं ताट न ओढता शेजारी दुसरी पंगत बसवली, आणि दुसरीत वाढणाऱ्या नि राबणाऱ्या बहुतेक बायका होत्या.

गिऱ्हाईक परदेशातून चालून आलं. कापडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर तेव्हा देशवार कोटे होते. हाँगकाँगच्या उत्पादकांचे कोटे भरले होते, मॉरिशसचे रिकामे पडले होते आणि युरोपात तो माल बिनशुल्क जात होता. १९८४ मध्ये हाँगकाँग चीनला परत देण्याचा करार झाल्यावर तिथला आणखी पैसा बाहेरची वाट शोधू लागला. बेटावर चिनी वंशाचा जुना व्यापारी समाज होता, त्याच्या ओळखी कामाला आल्या. तरी गुंतवणुकीचा जवळपास निम्मा वाटा स्थानिकांचा होता आणि त्यातला बराच साखरेतून आलेला. लोकरीचे स्वेटर या बेटाची खासियत झाली. जिथे कुणाला स्वेटर लागत नाही तिथून ते अर्ध्या युरोपच्या अंगावर गेले.

हे सगळं सरळ रेषेत झालं नाही. १९७४-७५ च्या साखरेच्या तेजीत सरकारने पगार आणि खर्च फुगवले. तेजी ओसरली, तेल महागलं, गंगाजळी आटली. ऑक्टोबर १९७९ मध्ये मॉरिशसच्या रुपयाचं मोठं अवमूल्यन, १९८१ मध्ये आणखी एक, नाणेनिधीचे हप्ते आणि अटी. १९८० च्या सुरुवातीला दर पाचांतला एक माणूस बेकार होता. जून १९८२ मध्ये लोकांनी रामगुलाम यांना घरी बसवलं, तेही असं की मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा बेराँजे आणि त्यांच्या मित्रपक्षाला गेल्या. आता राष्ट्रीयीकरण होणार, असं सगळ्यांना वाटलं.

झालं नाही. ज्यांनी १९७१ मध्ये गोदी बंद पाडली होती ते बेराँजे अर्थमंत्री झाले आणि नाणेनिधीच्याच अटी पाळत खर्चाला कात्री लावू लागले. पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्याशी त्यांचं फाटलं, १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली, नवे अर्थमंत्री विष्णू लछमीनारायडू यांनी तीच दिशा ठेवून करांचे दर खाली आणले. तीन वेगळ्या विचारांची माणसं आली-गेली आणि साखरेवरचा मूळ सौदा कुणीच मोडला नाही. १९८० च्या दशकाच्या मध्याला कपड्यांची निर्यात साखरेपुढे गेली. १९९० च्या सुमारास निर्यात क्षेत्रात जवळपास नव्वद हजार लोक कामाला होते आणि बेकारी तीन टक्क्यांच्या घरात आली होती. साखरेवरचा निर्यात कर १९९४ मध्ये काढून टाकला, कारण सरकारला तोवर इतर उत्पन्न मिळू लागलं होतं.

दोन सख्खे शेजारी, नकाशावर दूर

हा निव्वळ नशिबाचा खेळ होता का, हे तपासायला दोन देश हाताशी आहेत. गयाना आणि फिजी. दोन्हीकडे इंग्रजांचं राज्य, उसाचे मळे, गिरमिटाने गेलेले हिंदुस्थानी, आणि दोघांनाही १९७५ च्या साखर करारात कोटा. मॉरिशसपेक्षा जमीन कितीतरी जास्त.

गयानात १९७५-७६ मध्ये बुकर्ससह साखर कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. ऐंशी टक्क्यांच्या आसपास अर्थव्यवस्था सरकारच्या हाती गेली. आफ्रिकी वंशाच्या मतांवर उभे असलेले फोर्ब्स बर्नहम सत्तेवर होते, ऊसतोड करणारे बहुतेक हिंदुस्थानी वंशाचे विरोधी पक्षाचे. म्हणजे साखरेचं नुकसान झालं तर ते विरोधकांचं, असा हिशेब. निवडणुका नावापुरत्या होत, १९९२ पर्यंत. जो शिकला तो देश सोडून गेला. (अलीकडे समुद्रात तेल सापडल्याने गयाना जगातला सर्वांत वेगाने वाढणारा देश झाला आहे, तो वेगळाच अध्याय आहे.)

फिजीत खासगी कारखानदार नसून जमीनच वादात होती. बहुतेक जमीन मूळ फिजी लोकांच्या सामुदायिक मालकीची, ऊस पिकवणारे हिंदुस्थानी वंशाचे कुळं, भाडेपट्टे मुदतीचे. १९८७ मध्ये निवडणुकीतून हिंदुस्थानींचं वजन वाढलेलं सरकार आलं आणि त्याच वर्षी सैन्याने दोनदा सत्ता उलथवली. त्यानंतर २००० आणि २००६. हिंदुस्थानी वंशाच्या लोकांची रांग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या व्हिसासाठी लागली.

तुलना पूर्ण न्याय्य नाही. मॉरिशसवर मूळ रहिवासी नव्हते, त्यामुळे ‘ही भूमी कुणाची’ हा प्रश्नच उद्भवला नाही, आणि उलथवायला सैन्यही नव्हतं. पण साखर करार तिघांनाही मिळाला होता. तो पैसा टिकवायला जी आपसातली समजूत लागते, ती एकाच ठिकाणी होती.

सुटून गेलेले

या समजुतीत वाटा कुणाचा, तर ज्याच्याकडे जमीन, कारखाना, मतं किंवा व्यापार होता त्याचा. गुलामांच्या वंशजांकडे यातलं काहीच नव्हतं. सरकारी नोकऱ्या बहुतांशी हिंदूंकडे, कंपन्या गोऱ्यांकडे, घाऊक व्यापार मुसलमान आणि चिन्यांकडे. क्रिओल वस्त्यांमध्ये शाळागळती, कमी पगार, पोलिसांचा जाच चालूच राहिला. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेट काही दिवस पेटलं. जग तेव्हा मॉरिशसला आदर्श म्हणत होतं. शिलाई कारखान्यांतल्या बायकांचे पगार वाढू लागले, तसे मालकांनी चीन, बांगलादेश आणि भारतातून कंत्राटी कामगार आणले. त्यांच्या राहण्याच्या खोल्या पर्यटकांना दाखवल्या जात नाहीत.

एक बिल भारताच्याही नावावर फाटलं. १९८२ मध्ये झालेल्या दुहेरी कर टाळण्याच्या कराराने, मॉरिशसमधल्या कंपनीने भारतात शेअर विकून कमावलेल्या नफ्यावर भारत कर लावू शकत नव्हता आणि मॉरिशस लावत नव्हता. १९९१ नंतर भारत खुला झाला, १९९२ मध्ये मॉरिशसने परदेशी कंपन्यांसाठी कायदा केला, आणि पोर्ट लुईतल्या एकेका पत्त्यावर शेकडो कंपन्यांच्या पाट्या लागल्या. दलाल स्ट्रीटवर ‘मॉरिशस रूट’ हा शब्द रुळला. २००० नंतरची पंधरा-एक वर्षं भारतात येणाऱ्या थेट परकी गुंतवणुकीचा जवळपास एक तृतीयांश भाग कागदोपत्री तिथून येत असे, त्यात भारतातलाच पैसा वळसा घालून येतो असा संशय कायम होता. ‘आझादी बचाओ आंदोलन’ने न्यायालयात आव्हान दिलं, पण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार उचलून धरला. शेवटी मे २०१६ मध्ये करार बदलला. तोवर मॉरिशसमध्ये वकील, लेखापाल, बँका यांचं आख्खं नवं क्षेत्र उभं राहिलं होतं. मॉरिशसच्या विकासात भारताचा हा हातभार कुणी समारंभात बोलून दाखवत नाही.

टेकू काढल्यावर

१ जानेवारी २००५ रोजी कापडाचे जागतिक कोटे संपले. बांगलादेश आणि चीनपुढे मॉरिशसची मजुरी महाग होती. हाँगकाँगवाले निघून गेले, आणि पाच-सहा वर्षांत निर्यात क्षेत्रातल्या सुमारे पंचवीस हजार नोकऱ्या गेल्या. त्याच सुमाराला युरोपने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं आणि २००९ मध्ये साखर करारही संपवला. ज्या दोन खांबांवर तीस-पस्तीस वर्षं काढली ते दोन्ही एकाच दशकात गेले.

या वेळी मीड यांच्यासारखं भाकीत फारसं कुणी केलं नाही, आणि देश बुडालाही नाही. अर्थमंत्री रामा सितानन यांनी २००६ पासून आयकर आणि कंपनीकर दोन्ही १५ टक्क्यांच्या एकाच दरावर आणले, धंदा सुरू करायचे परवाने सोपे केले. मळ्यांनी कारखाने एकत्र केले, एकेकाळी वीस-एकवीस असलेले कारखाने हाताच्या बोटांवर आले. कच्ची साखर पाठवणं बंद करून शुद्ध आणि खास प्रकारची साखर विकायला सुरुवात झाली, चिपाडावर वीज बनवून ती सरकारी जाळ्याला विकली जाऊ लागली. मजुरांना रोख रक्कम आणि जमिनीचा तुकडा देऊन स्वेच्छानिवृत्ती मिळाली. मळ्याची उरलेली जमीन? तिच्यावर गोल्फ मैदानं आणि परदेशी श्रीमंतांसाठी व्हिला उठले, त्या विकून मळेवाले पुन्हा एकदा सावरले. उसाखालची जमीन मात्र वर्षागणिक घटते आहे.

२०२० मध्ये आर्थिक व्यवहारांवरच्या देखरेखीतल्या त्रुटींमुळे देश एफएटीएफ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत गेला, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये रामगुलाम यांचे पुत्र नवीन रामगुलाम पंतप्रधान झाले, तेही मुख्य बेटावरच्या सगळ्या ६० जागा जिंकून. सरकारी कर्ज तोवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलं होतं, जननदर दीडच्या खाली घसरला होता आणि निवृत्तिवेतन घेणारे वाढत चालले होते. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यांनी सर्वांना मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचं वय पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने ६० वरून ६५ वर नेण्याची घोषणा केली. कामगार संघटना लगेच रस्त्यावर उतरल्या. १९५८ मध्ये सगळ्यांना सुरू झालेल्या या रकमेला हात लावणं सोपं नाही, आणि यावर मळेवाले, बँका, कामगार यांच्यात नवा सौदा अजून व्हायचा आहे.